रोपटी मरतात, दुष्काळाचे निमित्त होते

हार्झ हा जर्मनीच्या मध्यभागातील डोंगराळ प्रदेश. आपल्या मनात दंडकारण्याला जे स्थान आहे, तेच जर्मन लोककथांत आणि काव्यांत हार्झच्या अरण्याला आहे असे म्हटले तरी चालेल. या प्रदेशात २०१८, २०१९ आणि २०२० अशी ओळीने तीन वर्षे पाऊस रुसला, उन्हाळे तापले आणि स्प्रूस वृक्षांची हिरवी रांग पाहता पाहता करडी झाली. तहानलेल्या झाडांच्या सालीत भुंगेऱ्यांनी घरे केली आणि उरलेसुरले काम पुरे केले. जानेवारी २०१८ ते एप्रिल २०२१ या अवघ्या सव्वातीन वर्षांत जर्मनीने सुमारे पाच लाख हेक्टरांवरील वृक्षाच्छादन गमावले, असा हिशेब त्या देशाच्या अंतराळ संशोधन केंद्राने उपग्रहांच्या साहाय्याने मांडला आहे. देशातील एकूण जंगलाचा हा जवळजवळ विसावा हिस्सा होय. बृहन्मुंबईएवढी आठ शहरे त्यात सहज मावतील.

यावर सरकारी दरबारातून जे उत्तर आले, ते आपणा भारतीयांना मुळीच नवे वाटणार नाही. दुष्काळ पडला, म्हणून झाडे मेली. आता कोट्यवधी युरोंचे अनुदान देऊ आणि नवी रोपे लावू. प्रश्न मिटला! खड्डा तयार, रोप तयार, छायाचित्रकार तयार. या उत्तरात खोटे असे काही नाही. दुष्काळ खरोखरच पडला होता. परंतु हे अर्धसत्य आहे आणि राज्यकर्त्यांना पूर्ण असत्यापेक्षा अर्धसत्य नेहमीच अधिक सोयीचे वाटत आले आहे. दुष्काळावर खटला भरता येत नाही, त्याच्याकडून दंड वसूल करता येत नाही आणि निवडणुकीत तो मतेही मागत नाही. म्हणूनच सर्व पाप त्याच्या माथी मारले जाते. दुष्काळाच्या आड उभा असलेला दुसरा आरोपी मात्र नामानिराळा राहतो. त्याचे नाव नत्र. मारुतीच्या शेपटासारख्या वाढत गेलेल्या पशुपालन उद्योगांतून, मोटारींच्या धुरांड्यांतून आणि वीजकेंद्रांतून बाहेर पडणाऱ्या अमोनियाच्या आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांच्या रूपाने तो हवेत मिसळतो आणि वर्षानुवर्षे जंगलावर बरसत राहतो.

मोठे डोके, लहान पाय

वाचक विचारतील, नत्र हे तर खत. शेतकरी पैसे मोजून ते विकत घेतो. ते जंगलाला फुकट मिळाले तर बिघडले कुठे? शंका रास्त आहे. तिचे उत्तर मिळण्यासाठी एका कोवळ्या रोपट्याचा संसार थोडा जवळून पाहावयास हवा.

बीच, ओक किंवा स्प्रूस यांचे दोन-चार वर्षांचे रोप आपली मिळकत दोन ठिकाणी खर्च करते. एक वाटा वर पाने आणि फांद्या यांसाठी, दुसरा खाली मुळांसाठी. जमिनीत नत्र तुटपुंजे असेल तर ते मिळविण्यासाठी रोपाला मुळे दूरवर धाडावी लागतात. शिवाय मुळांशी सहजीवन करणाऱ्या बुरशीला आपल्या साखरेतील वाटा देऊन तिच्या सूक्ष्म तंतूंकडून अन्नपाणी मिळवावे लागते. गरिबीचा हा संसार असतो खरा, परंतु त्याचा पाया भक्कम असतो. आता याच रोपावर आकाशातून अमाप नत्राचा वर्षाव होऊ लागला की सारा हिशेब पालटतो. नत्र दाराशी आयते येत असेल तर मुळे लांबविण्याचे आणि बुरशीला पोसण्याचे कारण उरत नाही. मिळकत वर वळते. पाने मोठी आणि हिरवीगार होतात, शेंडा झपाट्याने चढतो. पाहणाऱ्याला वाटते, काय तरारले आहे! प्रत्यक्षात ते मोठ्या डोक्याचे आणि लहान पायांचे झालेले असते.

पावसाचे वर्ष असेतोवर हे उसने वैभव टिकते. मग दुष्काळ येतो. मोठ्या पानांतून पाणी अधिक उडते आणि तोकड्या मुळांना ते पुरविता येत नाही. त्यातच जमिनीचा वरचा थर सर्वांत आधी सुकतो आणि रोपट्याची सारी मुळे नेमकी त्याच थरात असतात. जुना वृक्ष खोलवर तोंड घालून तग धरतो. रोपट्याला ती सोय नाही. अशा वेळी त्याच्यापुढे दोनच वाटा उरतात. पर्णरंध्रे मिटून घ्यावीत तर पाणी वाचते, पण अन्न तयार होणे थांबते. ती उघडी ठेवावीत तर खोडातील जलवाहिन्यांमध्ये हवेचे बुडबुडे शिरून पाण्याचा स्तंभच तुटतो. एकीकडे उपासमार, दुसरीकडे तहान. नत्रावर पोसलेले रोप या पेचात लवकर सापडते, कारण त्याची गरज मोठी आणि गंगाजळी लहान असते.

एवढ्यावर हे संकट थांबत नाही. जमिनीत साचलेल्या जादा नत्राचे नायट्रेट होते, पावसाबरोबर ते खाली झिरपते आणि जाताना कॅल्शियम, मॅग्नेशियम, पालाश ही मोलाची द्रव्ये सोबत घेऊन जाते. माती आंबट होते आणि तिच्यातील ॲल्युमिनियम मोकळे होऊन तंतुमुळांना जाळते. रोपाच्या पानांत नत्र उदंड, पण स्फुरद आणि मॅग्नेशियम यांचा तुटवडा असा असमतोल निर्माण होतो. भरल्या ताटावरची ही उपासमार होय. नत्राने मऊ आणि रसाळ झालेली पाने कीड आणि बुरशीजन्य रोग यांना अधिक प्रिय होतात. भोवताली नत्रप्रेमी गवत, खाजकुयलीसारखी बोचरी झुडपे आणि काटेरी वेली माजतात. जमिनीतले उरलेसुरले पाणी रोपट्याच्या आधी तीच पिऊन टाकतात.

छपराखालचे सत्य

हे सारे कोणा भावनाशील निसर्गप्रेमी कवीचे कल्पनारंजन नव्हे. जर्मनीत गटिंगेन विद्यापीठानजीक झॉलिंग नावाचे पठार आहे. तेथील बीच आणि स्प्रूसच्या वनांत १९६० च्या दशकापासून आकाशातून काय पडते आणि मातीतून काय वाहून जाते, याची नोंदवही प्राध्यापक बर्नहार्ड उलरिख आणि त्यांचे सहकारी ठेवीत आले होते. पुढे १९९० च्या दशकात याच ठिकाणी एक विलक्षण प्रयोग झाला. जंगलातच झाडांच्या शेंड्यांखाली छप्पर उभारून वरचा दूषित पाऊस अडविण्यात आला आणि औद्योगिक युगापूर्वी पडत असावे तसे स्वच्छ केलेले पाणी जमिनीला देण्यात आले. जमिनीतून होणारी नायट्रेटची गळती थोड्याच काळात घटली आणि स्प्रूसच्या तंतुमुळांची वाढ सुधारली. झाडे तीच, माती तीच, हवामान तेच. पालटला तो फक्त वरून येणारा विषारी आहेर. मुळे आखडण्यामागे केवळ निसर्गाची लहर नाही, याचा याहून ढळढळीत पुरावा कोणता हवा?

प्रामाणिकपणासाठी येथे एक गोष्ट मान्य करावयास हवी. नत्र आणि दुष्काळ यांचे नाते सर्वत्र एकाच साच्याचे नाही. अतिशय निकस जमिनीत थोडे नत्र मिळाले तर रोप सौम्य दुष्काळात उलट तग धरते, असेही काही प्रयोगांत दिसले आहे. झाडाची जात, मातीचा पोत, नत्राची मात्रा आणि दुष्काळाची तीव्रता यांवर पुष्कळसे अवलंबून असते. परंतु विरोधकांनी या कबुलीजबाबाने हुरळून जाऊ नये. औषध आणि विष यांतील भेदही मात्रेचाच असतो, म्हणून कोणी विष निरुपद्रवी ठरवीत नाही. यूरोपातील शास्त्रज्ञांनी जंगलासाठी ही मात्राही सांगून ठेवली आहे. समशीतोष्ण वनांना दर हेक्टरी दर वर्षी साधारणतः १० ते २० किलो नत्र सोसते. पुढे ऱ्हास सुरू होतो. ताज्या फेरविचारात बीचच्या वनांसाठी ही मर्यादा आणखी खाली आणण्यात आली. नेदरलँड्समध्ये आजही सरासरी २० किलोंच्या आसपास नत्र पडते आणि कोंबड्या-डुकरांच्या वस्त्यांजवळच्या वनांवर त्याहून बरेच अधिक. वनांचे शेंडे फणीसारखे हवेतून अमोनिया विंचरून घेतात, त्यामुळे मोकळ्या माळापेक्षा जंगलाच्या वाट्याला हा आहेर नेहमीच जास्त येतो. मराठी शेतकऱ्याला समजेल अशा भाषेत सांगावयाचे तर २० किलो नत्र म्हणजे युरियाचे जवळजवळ एक भरलेले पोते. दर हेक्टरी, दर वर्षी, कोणी न मागता, मूळ धरू पाहणाऱ्या प्रत्येक रोपट्याच्या डोक्यावर ते रिते केले जात आहे.

दोन सबबी

या प्रदूषणाच्या समर्थकांपाशी दोन हुकमी सबबी आहेत. पहिली अशी की, नत्रामुळे यूरोपातील जंगले अधिक वेगाने वाढली, म्हणजे नुकसान नव्हे, लाभच झाला. वाढली, हे खरे आहे. अनेक देशांतील वनांच्या मोजणीत एका मर्यादेपर्यंत नत्राबरोबर लाकडाची वाढ होताना दिसते. मात्र त्याच मोजणीत ती मर्यादा ओलांडल्यावर आलेख खाली वळतानाही दिसतो. समर्थक नेमके तेवढे पान फाडून ठेवतात. शिवाय लाकडाच्या घनफुटांनी जंगलाचे आरोग्य मोजणे हे गिरणीतील कामगाराची प्रकृती त्याने विणलेल्या वारांनी मोजण्यासारखे आहे. जादा पाळी करणारा कामगार काही काळ अधिक कापड विणतो. त्याची छाती कशी आहे, हे हजेरीपटावर कळत नाही, ते साथ आल्यावर कळते. २०१८ चा दुष्काळ ही जर्मन जंगलाची साथ होती. जर्मनीच्या चौथ्या राष्ट्रीय वनगणनेचे निष्कर्ष ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. कर्बवायू शोषून घेणारे म्हणून ज्याचा गौरव होत असे, ते जंगल २०१७ नंतर शोषतो त्याहून अधिक कर्ब बाहेर टाकू लागले, असे त्यात नमूद आहे. वेगवान वाढीच्या बढाईला याहून बोचरे उत्तर नाही.

दुसरी सबब अधिक धूर्त आहे. 'वनांचा मृत्यू' ही हाकाटी १९८१ पासून जर्मन वृत्तपत्रांनी केली होती. तेव्हा वने मेली नाहीत. २००३ साली तर तेथील कृषिमंत्र्यांनी संकट ओसरल्याचेही जाहीर केले. मग आताही हे बागुलबुवाच कशावरून नसतील? या युक्तिवादातील लबाडी उघडी करणे आवश्यक आहे. त्या वेळी वने वाचली, कारण लोक रस्त्यावर आले आणि राज्यसंस्थेला हलावे लागले. १९७९ साली जिनिव्हात सीमापार प्रदूषणाविषयी करार झाला. १९८३ साली पश्चिम जर्मनीने मोठ्या वीजकेंद्रांना धूर धुऊन सोडण्याची सक्ती केली. यूरोपात गंधकाचे उत्सर्जन पुढील दशकांत ऐंशी टक्क्यांहूनही अधिक घटले. पटकीची साथ लस आणि स्वच्छ पाणी यांमुळे आटोक्यात आली, तर साथ नव्हतीच असे कोणी म्हणत नाही. परंतु गंधक काही थोड्या, मोजक्या धुरांड्यांतून येत होते. त्यांना गाळणी बसविणे सोपे होते. अमोनियाला धुरांडे नसते. जर्मनीत तो नव्वद टक्क्यांहून अधिक शेतीतून, मुख्यतः गोठ्यांतून आणि शेणामुताच्या खतातून येतो. त्याला आवर घालावयाचा तर एक यंत्र बदलून भागत नाही, एक अर्थव्यवस्था बदलावी लागते. म्हणूनच गंधकाच्या लढाईत जिंकलेले यूरोप नत्राच्या लढाईत चाळीस वर्षे चालढकल करीत बसले.

गुन्हेगार शेतकरी नव्हे

हवेतील नत्र बांधून अमोनिया करण्याची युक्ती फ्रिट्झ हाबर यांनी १९०९ साली प्रयोगशाळेत सिद्ध केली. कार्ल बॉश यांनी १९१३ साली ऱ्हाईनकाठच्या ओपाऊ येथे तिचा कारखाना उभारला. आज जगातील जवळजवळ निम्म्या माणसांचे अन्न या युक्तीवर अवलंबून आहे. तेव्हा खताविरुद्ध आंधळे धर्मयुद्ध पुकारण्याचा आमचा हेतू नाही. भुकेल्याच्या ताटातील भाकरीकडे बोट दाखविणारे पर्यावरणप्रेम आम्हास मान्य नाही. प्रश्न भाकरीचा नाहीच. नेदरलँड्स हा महाराष्ट्राच्या जेमतेम सातव्या-आठव्या हिश्शाएवढा देश. त्यात एक कोटीच्या आसपास डुकरे, सुमारे दहा कोटी कोंबड्या आणि चाळीस लाखांच्या घरात गुरे कोंबली गेली आहेत. त्यांचे सारे खाद्य त्या भूमीत पिकत नाही. त्यासाठी लागणारे सोयाबीन दक्षिण अमेरिकेतून जहाजांनी येते. मांस आणि दूध यांचा मोठा वाटा परदेशी जातो. नफा कंपन्यांकडे आणि पेढ्यांकडे जातो. मागे उरते ते फक्त शेण. ते मात्र तेथेच राहते, अमोनिया होऊन उडते आणि फेलुवेच्या वनातील ओकच्या रोपांवर उतरते. त्या वनांत कॅल्शियमअभावी गोगलगायी घटल्या आणि त्या खाणाऱ्या चिमुकल्या पक्ष्यांची अंडी पातळ कवचाची निपजू लागली, हे डच शास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकातच पाहिले होते.

ही व्यवस्था आली कोठून? येथे समाजवाद्यांनी स्वतःच्या अंगणातही झाडू फिरवावयास हवा. सिक्को मान्सहोल्ट हे डच मजूर पक्षाचे नेते. युद्धकाळातील उपासमार त्यांनी पाहिली होती. पुन्हा यूरोपात भूक नको, या उदात्त हेतूने त्यांनी आधी देशाचे कृषिमंत्री म्हणून आणि मग यूरोपीय आयोगाचे सदस्य म्हणून मोठ्या, यंत्रसज्ज, भरघोस उत्पादनाच्या शेतीचा पाया घातला. त्यांच्या १९६८ च्या योजनेचा रोख स्पष्ट होता. लहान शेतकऱ्याने वाढावे, नाहीतर बाजूला व्हावे. १९७१ साली शेतकऱ्यांचे लोंढे ब्रुसेल्सच्या रस्त्यांवर उतरले. मान्सहोल्ट यांना पुढे, १९७२ च्या सुमारास, आपल्या मार्गातील धोका कळून आला आणि अमर्याद वाढीविरुद्ध त्यांनी जाहीरपणे आवाज उठविला. त्यांच्या प्रामाणिकपणाला अभिवादन केले पाहिजे. पण तोवर गाडे उताराला लागले होते. १९५० च्या सुमारास नेदरलँड्समध्ये चार लाखांच्या घरात शेतघरे होती. आज ती पन्नास हजारांच्या आसपास उरली आहेत. माणसे घटली, जनावरे वाढली. आणि आज त्याच उरलेल्या शेतकऱ्याला सांगितले जाते की, तूच जंगलाचा वैरी आहेस!

२०१५ साली डच सरकारने नत्रासाठी एक कार्यक्रम आणला. उद्या केव्हातरी प्रदूषण घटेल, या भरवशावर आज नवे परवाने वाटावयाचे, असे त्याचे स्वरूप होते. २९ मे २०१९ रोजी तेथील राज्यपरिषदेने, म्हणजे सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने, हा उधारीचा व्यवहार बेकायदा ठरविला. मग धावपळ सुरू झाली. मार्च २०२० पासून महामार्गांवर दिवसा वेगमर्यादा ताशी १०० किलोमीटर झाली. ट्रॅक्टरांचे मोर्चे हेगवर चालून आले. २०२३ च्या प्रांतिक निवडणुकांत शेतकऱ्यांच्या नावाने स्थापन झालेला नवा पक्ष सर्वांत मोठा ठरला. स्थित्यंतरासाठी ठरलेला सुमारे २४ अब्ज युरोंचा निधी २०२४ च्या नव्या आघाडीने गुंडाळून टाकला. जानेवारी २०२५ मध्ये हेगच्या न्यायालयाने पुन्हा बजावले की, २०३० च्या अखेरीपर्यंत नत्राने पीडित नैसर्गिक क्षेत्राचा निम्मा भाग सोसवेल अशा मर्यादेखाली आणा. या साऱ्या गदारोळात खाद्य पुरविणाऱ्या, कर्ज देणाऱ्या आणि मांस विकणाऱ्या बड्या हितसंबंधांना किती झळ पोचली? ट्रॅक्टरवर बसलेला कर्जबाजारी शेतकरी आणि जंगलात मरणारे रोपटे यांना एकमेकांसमोर उभे करून ते स्वतः सुखाने प्रेक्षागृहात बसले. दोघांनाही एकाच सावकाराने नागवले आहे, हे दोघांना कळू नये यातच त्यांचे हित आहे.

आणि कोणी असे समजू नये की खाजगी मालकी गेली की जंगल आपोआप हिरवे होते. पूर्व जर्मनी आणि चेकोस्लोव्हाकिया यांच्या सीमेवरील खनिज पर्वतरांगांत वीजकेंद्रे सरकारी होती, कोळसा सरकारी होता आणि धूरही सरकारीच होता. त्या धुराने डोंगरच्या डोंगर बोडके केले. पूर्व जर्मनीने तर १९८२ साली पर्यावरणाची आकडेवारीच राज्याचे गुपित ठरविली. जेथे प्रश्न विचारण्याचा अधिकार नाही तेथे समाजवादही नाही आणि जंगलही नाही, हा त्याचा धडा आम्ही विसरता कामा नये.

खड्ड्यांची शिरगणती

आता पुन्हा रोपट्यांकडे वळू. मेलेल्या स्प्रूसच्या जागी नवी रोपे लावण्याची घाई चालली आहे. परंतु ते स्प्रूस तेथे आले कसे? एकोणिसाव्या शतकातील जर्मन वनशास्त्राने मिश्र अरण्ये मोडून एकाच जातीची, एकाच वयाची, कवायतीच्या शिपायांसारखी झाडे रांगेत उभी केली, कारण त्यांचा महसूल मोजण्यास सोपा. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या बेसुमार तोडीवरही पुन्हा स्प्रूसचाच उतारा देण्यात आला. याच परंपरेतील डीट्रिख ब्रँडिस हे १८६४ साली हिंदुस्थानचे पहिले वनमहानिरीक्षक झाले. त्यांच्या खात्याने आपल्या डोंगरांवर सागाच्या रांगा आणि आदिवासींच्या हक्कांभोवती कुंपणे उभारली. जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये ज्या जंगल खात्यावर आसूड ओढला ते हेच. त्यामुळे हार्झची कथा आपल्याला परकी नाही.

आणि आपल्याकडील वृक्षारोपणाचे सोहळे तरी काय वेगळे सांगतात? २०१९ साली महाराष्ट्रात ३३ कोटी रोपे लावण्याचा संकल्प सोडण्यात आला. त्यांतील जगली किती, हा वाद पुढे विधिमंडळापर्यंत गेला. खड्डे मोजले जातात, रोपे मोजली जातात, उपस्थित मान्यवर मोजले जातात. पाचव्या उन्हाळ्यानंतर उभे असलेले झाड मोजावयास कोणी जात नाही. लावणे हा समारंभ आहे, जगविणे हे राजकारण आहे. आणि राज्यकर्त्यांना समारंभ अधिक प्रिय असतो. ज्या हवेने आणि ज्या मातीने आधीची झाडे मारली, तीत काहीही बदल न करता नवी रोपे लावणे, म्हणजे दूषित विहीर तशीच ठेवून रुग्णालयात खाटा वाढविणे होय.

मग करावयाचे काय? पहिले म्हणजे नत्राची मर्यादा देशाच्या सरासरीने नव्हे, तर प्रत्येक जंगलाला सोसेल त्या मात्रेने ठरली पाहिजे आणि ती कायद्याने बंधनकारक असली पाहिजे. दुसरे, जेवढ्या जनावरांचे खाद्य आसपासच्या भूमीत पिकते आणि जेवढ्यांचे शेण ती भूमी पचविते, तेवढीच जनावरे ठेवण्याकडे वाटचाल व्हावयास हवी. या संक्रमणाचा खर्च मात्र लहान शेतकऱ्याच्या मानेवर न टाकता, ज्यांनी अर्धशतक नफा खाल्ला त्यांच्याकडून वसूल झाला पाहिजे. तिसरे, वनखात्याचे अनुदान लावलेल्या रोपांवर नव्हे, तर दहा वर्षांनी जगलेल्या झाडांवर दिले जावे. आणि जेथे जंगल आपल्याच बियांतून विविध जातींचे पुनरुज्जीवन करू शकते, तेथे त्याला ते करू द्यावे. चौथे, हवेतून काय पडते आणि मातीतून काय जाते याची नोंदवही प्रत्येक नागरिकाला उघडी असावी.

दुष्काळ कमी होणे आता एका देशाच्या हाती राहिलेले नाही. तोही बव्हंशी धुरांड्यांचेच अपत्य आहे आणि त्याच्याशी दीर्घ लढा द्यावा लागणार आहे. परंतु येणाऱ्या दुष्काळाला रोपटे कसे सामोरे जाईल, मुळे पसरून की मुळे आखडून, हे अजून माणसाच्या हाती आहे. नत्राचा वर्षाव या दशकात थांबविता येतो. त्यासाठी नवा शोध लागावयाचा नाही, फक्त काही जणांचा नफा घटावयाचा आहे. उद्या एखादा मंत्री हाती फावडे घेऊन रोप लावताना दिसला, तर त्याला टाळ्या देण्याआधी एवढेच विचारावे, महाराज, या रोपावर वरून काय पडते आहे आणि ते कोणाच्या गोठ्यातून येते आहे? त्याचे उत्तर मिळेपर्यंत तो खड्डा झाडासाठी खणला आहे की प्रश्न पुरण्यासाठी, हे ठरविता येणार नाही.